विकत मिळणारे तास



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कितीतरी अशिलांचे चौकशी अहवाल मी परिवीक्षा अधिकारी या नात्याने लिहिले. अहवाल बाजूने गेला म्हणून त्यांनी कधी आभार मानले नाहीत, आणि विरोधात गेला म्हणून अबोलाही धरला नाही. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलायचं तर विषय कोर्टातलाच घ्यावा, असं मला वाटलं.

विषय वरवर पाहता परदेशी आहे. अमेरिकेत अमली पदार्थ जवळ बाळगताना सापडलेल्या माणसाला न्यायालय पुष्कळदा तुरुंगात न पाठवता सामुदायिक सेवेचे तास नेमून देतं. एखाद्या अन्नपेढीत पोती उचलायची, बागेतला पाला गोळा करायचा, भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात पिंजरे धुवायचे. पगार नाही. ठरलेले तास भरले की संस्थेचा माणूस सही करतो आणि तो कागद न्यायालयात जातो. अलीकडे हे तास घरबसल्या, संगणकापुढे भरून देणारी एक व्यवस्था तिथे उभी राहिली आहे. तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ही शिक्षा ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा माणसासाठी निघाली होती, आणि ऑनलाइन झाल्यावर ती परत पैशांनी मोजली जाऊ लागली.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६६ मध्ये झाली असं मानलं जातं. तिथल्या न्यायालयापुढे वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल ज्या गरीब बायका येत, त्यांच्याकडे दंड भरायला पैसे नसत. दंड नाही तर तुरुंग, हा नियम. पण आई तुरुंगात गेली तर घरच्यांचे हाल होणार. म्हणून न्यायाधीशांनी तिसरा मार्ग काढला: इतके तास लोकांसाठी बिनपगारी काम करा, दंड माफ. यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं. रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या अडचणीवर काढलेला तोडगा होता, आणि माझ्या अनुभवात न्यायव्यवस्थेतल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच निघतात.

या विचाराला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आधार मिळाला तो १९८३ मध्ये, बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया राज्य या खटल्यात. बिअर्डन नववीपर्यंत शाळेत गेलेला, पण वाचता न येणारा कामगार. न्यायालयाने त्याला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई लावली. पहिले २०० डॉलर त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले. मग नोकरी गेली, बाकीचे भरता येईनात, आणि जॉर्जियाने त्याला तुरुंगात टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे न भरण्यामागे खरोखरची असमर्थता आहे का, हे आधी तपासा. ती असेल तर मुदत वाढवा, रक्कम कमी करा किंवा सार्वजनिक सेवेचं काम द्या, पण केवळ गरीब आहे म्हणून कोंडू नका. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिलेला हा निकाल आपल्याकडच्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याने एकदा वाचावा असा आहे.

इंग्लंडची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात बार्बरा वूटन ही बाई आहे. १९२६ मध्ये ती लंडनमध्ये मानद दंडाधिकारी झाली तेव्हा तिचं वय २९ होतं, आणि त्या काळी इंग्लंडात तिशीच्या आतल्या बाईला मतदानाचा हक्क नव्हता. म्हणजे लोकांना शिक्षा सुनावायला ती पात्र होती, खासदार निवडायला नव्हती! पुढे अनेक वर्षं ती बाल न्यायालयात बसली. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये १९५८ साली ज्या पहिल्या चार बायका आजीव सदस्य म्हणून नेमल्या गेल्या, त्यांतली ती एक.

या बाईंच्या अध्यक्षतेखाली दोन अहवाल तयार झाले. पहिला १९६८ चा, गांजा-चरसवरचा. गांजा जवळ बाळगणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षा अवाजवी कडक आहेत, त्या कमी करा, असं समितीने सुचवलं. गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी संसदेत तो अहवाल झटकून टाकला. गंमत अशी की या समितीने ज्या जुन्या चौकशीशी आपलं मत जुळतं असं नमूद केलं होतं, ती आपल्याकडची होती: १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनची. त्या आयोगाने हिंदुस्थानभर ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले, सात खंडांचा अहवाल लिहिला आणि म्हटलं की बेताने घेणाऱ्याला भांग-गांजाने फारसा अपाय होत नाही. सरसकट बंदी नको, कर आणि परवाना ठेवून नियंत्रण करा. आमच्या अधिकाऱ्यांनी, वैद्यांनी, शेतकऱ्यांनी दिलेल्या जबान्या पाऊणशे वर्षांनी लंडनमध्ये कामाला आल्या. दिल्लीत मात्र त्या धूळ खात राहिल्या.

दुसरा अहवाल १९७० चा. तुरुंगाऐवजी आणखी काय करता येईल, हा त्याचा विषय. सामुदायिक सेवेची कल्पना त्यात होती आणि सरकारने ती उचलली. १९७२ मध्ये कायदा झाला, १९७३ पासून सहा भागांत प्रयोग सुरू झाला, ४० ते २४० तासांची मर्यादा ठरली. या अहवालातली एक अपेक्षा माझ्या आजच्या बोलण्याच्या मुळाशी आहे. शिक्षा झालेल्या माणसाने आपखुशीने सेवा करणाऱ्या माणसांच्या बरोबरीने काम करावं, त्या सहवासाचा त्याच्यावर परिणाम व्हावा, असं समितीला वाटत होतं. म्हणजे नुसते हात राबवायचे नव्हते. ज्याला समाजातून उचलून तुरुंगात टाकलं असतं, त्याला समाजातच आणखी थोडं आत नेऊन बसवायचं होतं.

वूटनबाईंचा पहिला सल्ला नाकारला गेला, दुसरा स्वीकारला गेला. आज अटलांटिकपलीकडे काय दिसतं? ज्या माणसाला मुळात इतकी शिक्षा नको असं तिने सांगितलं होतं, त्याच माणसाला तिने पुरस्कारलेली शिक्षा वाटली जाते आहे.

इंग्लंडचा पुढचा एक प्रसंगही सांगून टाकते. २००८ मध्ये तिथे सामुदायिक सेवा करणाऱ्यांना पाठीवर ठळक अक्षरं छापलेली नारिंगी जाकिटं घालायला लावण्यात आली. हेतू असा की लोकांना शिक्षा होताना दिसली पाहिजे. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात हातातला झाडू ही लाजेची खूण व्हावी, ही कल्पना मला तरी झेपत नाही. पण निदान त्या जाकिटातला माणूस रस्त्यावर होता आणि रस्ता झाडून होत होता.

आता अमेरिकेकडे. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे असं जाहीर केलं. पुढची दोन दशकं कायदे कडक होत गेले, तुरुंग भरत गेले आणि न्यायाधीश वैतागत गेले. तीच तीच माणसं परत परत समोर येत. त्या वैतागातून १९८९ मध्ये मायामीत व्यसनींसाठी पहिलं वेगळं न्यायालय निघालं, जिथे शिक्षेपेक्षा उपचार आणि देखरेख यांवर भर होता. ती पद्धत देशभर गेली. तिच्या आसपास, साध्या न्यायालयांतही, तुरुंगाऐवजी परिवीक्षा (देखरेखीखाली, अटींवर सुटका), वर्ग, लघवीची तपासणी आणि सेवेचे तास अशी एक जुडी तयार झाली. वकिलाने सरकारी पक्षाशी बोलणी करायची आणि ही जुडी पदरात पाडून घ्यायची, हे आता तिथलं नेहमीचं कामकाज आहे.

एक राज्य घेऊन बोलू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. टेक्सास घेते, कारण डॅलस-ह्यूस्टनकडे आपली मंडळी भरपूर आहेत. तिथे दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ५६ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ सापडला तर १८० दिवसांपर्यंत कैद आणि २००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हा तिथला ‘ब’ वर्गाचा किरकोळ गुन्हा. पण तोच गांजा अर्काच्या रूपात, ओढायच्या पेनमधल्या नळकांडीत असेल, तर एका ग्रॅमहून कमी असला तरी तो गंभीर गुन्हा ठरतो आणि शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जाते. शेजारच्या न्यू मेक्सिकोत दुकानात पावती देऊन विकतात तीच वस्तू. कॉलेजातली पोरं इथेच फसतात.

परिवीक्षा मिळाली की सेवेचे तास येतात. ‘ब’ वर्गाच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १०० तास, ‘अ’ वर्गाला २००, त्याहून गंभीर गुन्ह्यांना ४०० पासून पुढे १००० पर्यंत. त्याच कायद्यात एक पोटकलम असं की न्यायाधीशांना वाटलं तर तासांऐवजी अन्नपेढीसारख्या संस्थेला ठरावीक देणगी द्यायचा आदेश ते देऊ शकतात. पोती उचलायची नसतील तर पोत्याचे पैसे द्या! ऑनलाइन तासांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. पैशांची वाट कायद्याने स्वतःच मोकळी ठेवली होती. इंटरनेटने ती रुंद केली.

ऑनलाइन तास कसे भरतात? संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, किती तास हवेत तो आकडा निवडायचा, कार्डाने पैसे भरायचे. तास वाढतील तशी फी वाढते. मग धडे उघडतात. राग कसा आवरावा, पैशांचं नियोजन, नशेचे शरीरावरचे परिणाम, चांगला नागरिक म्हणजे काय. कोपऱ्यात घड्याळ चालतं, आणि बराच वेळ हालचाल झाली नाही तर थांबतं. धडा संपला की प्रश्न येतात. उत्तरं चुकली तर पुन्हा सोडवा. शेवटी संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र मिळतं की अमुक व्यक्तीने इतके तास पूर्ण केले. या संस्था बहुधा धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असतात, कारण न्यायालयाच्या आदेशात सेवा ना-नफा संस्थेसाठीच करावी अशी अट असते. आणि बऱ्याच ठिकाणी अटींच्या बारीक अक्षरांत असंही असतं की न्यायालय हे तास मानेलच याची हमी आम्ही देत नाही.

मानतात का? काही मानतात, काही नाही. एकाच राज्यात एका काउंटीचा परिवीक्षा अधिकारी पत्र फाइलला लावतो आणि शेजारच्या काउंटीचा परत पाठवतो. तेव्हा फी गेलेली असते, मुदत संपत आलेली असते, आणि तास शून्य. म्हणून तिथले शहाणे वकील अशिलाला एकच सांगतात: आधी लेखी परवानगी घे, मग कार्ड बाहेर काढ. मी त्या खुर्चीत बसले असते तर पत्र परत पाठवलं असतं. पण परत पाठवण्याआधी समोरच्याला विचारलं असतं की बाबा, तू हा मार्ग का धरलास?

कारण हा मार्ग धरणारे सगळे चुकार नसतात. ज्याच्या गावातून अन्नपेढीपर्यंत बस जात नाही आणि ज्याचा गाडी चालवायचा परवाना याच गुन्ह्यामुळे निलंबित झाला आहे, त्याने काय करायचं? चाकाच्या खुर्चीत असलेल्याने? रात्रपाळी करून सकाळी मुलांना शाळेत सोडणाऱ्या एकट्या आईने? शिवाय काही संस्था अमली पदार्थांचा गुन्हा आहे म्हटल्यावर दारातूनच परत पाठवतात. मुलं किंवा औषधं जिथे असतात, तिथे तर हमखास. लॉस एंजेलिसमध्ये विद्यापीठातल्या कामगार अभ्यास केंद्राने २०१९ मध्ये न्यायालयाने लावलेल्या सेवेची पाहणी केली, तेव्हा पुष्कळांना मुदतीत तास पुरे करता येत नाहीत आणि त्यामुळे ते आणखी अडकतात, हे समोर आलं. त्यात भर म्हणजे काम मिळवून देणारी मध्यस्थ केंद्रं नोंदणीची फी घेतात. मग २०२० मध्ये करोना आला, सेवेची ठिकाणंच बंद झाली, आणि घरबसल्या तासांचे जे अपवाद होते ते काही काळ नियम झाले. ही सगळी बाजू मला मान्य आहे.

तरीही मला दोन आक्षेप घ्यायचे आहेत, आणि त्यातला दुसरा मोठा आहे.

पहिला पैशांचा. टेक्सासमध्ये दंड भरता येत नसेल तर सेवा करून फेडता येतो, आणि कायद्याने आठ तासांच्या कामाला किमान १०० डॉलर वळते केले जातात. म्हणजे गरिबाच्या एका तासाची किंमत सरकारने साडेबारा डॉलर धरली आहे. तो माणूस घाम गाळून ही किंमत वसूल करतो. ऑनलाइन तास घेणारा उलट बाजूने जातो: तो तासामागे पैसे देतो. एकच शिक्षा, एकच शब्द, एकाच्या खात्यात पैसे जमा होतात आणि दुसऱ्याच्या खात्यातून वजा. अलामेडातल्या त्या बायकांकडे जे नव्हतं, नेमकं तेच आता पहिल्या पानावर मागितलं जातं. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने पिंजरे धुवावेत.

दुसरा आक्षेप: यात सेवा कुठे आहे? नशेचे परिणाम समजावून सांगणारा धडा पाहिला तर फायदा पाहणाऱ्याचा. तो झाला वर्ग. वर्गाला माझा विरोध नाही. टेक्सासमध्येच अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी १५ तासांचा शैक्षणिक कार्यक्रम वेगळा नेमलेला आहे आणि तो ऑनलाइन झाला तर बिघडत नाही. पण वर्ग वर्गाच्या खात्यात मोजा. सेवेचा अर्थ एवढाच की माझ्या त्या तासामुळे दुसऱ्या कुणाचं तरी काही झालं. भुकेल्याला पोतं मिळालं, कुत्र्याला स्वच्छ जागा मिळाली. धडा पाहून संपला तेव्हा जगात काय बदललं? संस्थेच्या खात्यात फी आली.

पुण्याची मंडळी इथे असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यात रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप झाला. कायद्याच्या भाषेत ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे मी तेव्हाही सांगत होते आणि कुणी ऐकून घेत नव्हतं. पण लोकांच्या संतापात एक बरोबर गोष्ट होती. निबंध लिहिल्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही, हे त्यांना कळलं होतं. पडद्यावरचे धडे म्हणजे तसे अनेक निबंध, सशुल्क.

मग ऑनलाइन सेवा असूच शकत नाही का? असू शकते, आणि अगदी चांगली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ पासून जुनी हस्तलिखितं सामान्य माणसांकडून उतरवून घ्यायला सुरुवात केली. पत्रं, रोजनिशा, भाषणं. डेन्मार्कमध्ये निघालेलं ‘बी माय आइज’ हे ॲप २०१५ पासून अंध माणसाला फोनच्या कॅमेऱ्यातून डोळस स्वयंसेवकाशी जोडून देतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख, औषधाच्या डबीवरचं नाव वाचून दाखवायचं. आपल्या मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची पानं तपासायला माणसं कमीच पडतात. यातलं प्रत्येक काम घरबसल्या होतं, चाकाच्या खुर्चीतूनही होतं, फुकट होतं, आणि काम झालं की नाही ते दिसतं. चारशे पानांतली चाळीस पानं तपासली गेली की गेली. यात अडचण आहे ती देखरेखीची: सही कोण करणार, खरंच त्यानेच केलं का हे कोण पाहणार? ते पाहायला पगारी माणूस लागतो. धडे विकणाऱ्या यंत्रणेत घड्याळ पाहतं आणि ते स्वस्त पडतं. न्यायव्यवस्थेला स्वस्त हवं असतं, ही सगळ्या देशांची कथा आहे.

आता जे सांगते ते ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी. मला अशा घरांतून फोन येतात. मुलगा एम.एस. करतोय, गाडीत गांजाच्या अर्काचं पेन सापडलं, वकील म्हणतोय गुन्हा कबूल कर, न्यायाधीश दोषी ठरवणार नाहीत, काही तास सेवा कर, वर्षभराने खटला बंद. घरच्यांना हायसं वाटतं. सेवा तर ऑनलाइनही होते म्हणे!

थांबा. राज्याच्या न्यायालयापुरतं हे खरं आहे. पण परक्या नागरिकाच्या डोक्यावर दुसरा कायदा आहे, केंद्राचा इमिग्रेशन कायदा. १९९६ मध्ये त्यात दोषसिद्धीची व्याख्या घातली गेली: माणसाने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कुठल्याही प्रकारची शिक्षा किंवा बंधन घातलं, तर राज्याने खटला पुढे काढून टाकला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने तो दोषी. न्यायालयाने लावलेले सेवेचे तास याच बंधनात धरले जातात. ज्या कागदाने डॅलसमधली फाइल बंद झाली, तोच कागद व्हिसाच्या फाइलमध्ये कबुलीचा पुरावा होऊन बसतो. देशाबाहेर काढण्याच्या तरतुदीत एक छोटी सवलत आहे: एकदाच, स्वतःच्या वापरासाठी, ३० ग्रॅमपर्यंत गांजा. दुसऱ्या कुठल्याही पदार्थाला तीही नाही. आणि कॅलिफोर्नियात गांजा २०१६ पासून कायदेशीर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, या भ्रमात कुणी राहू नये. केंद्राच्या कायद्यात तो अजून निषिद्धच आहे.

होजे पडिल्या हा होंडुरासमध्ये जन्मलेला माणूस अमेरिकेत चाळीस वर्षं कायदेशीरपणे राहिला, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्करात लढला, मग ट्रक चालवू लागला. ट्रकमध्ये गांजा सापडला. त्याच्या वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं राहिला आहेस, काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा मुलाच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: इमिग्रेशनच्या वकिलाशी बोललात का? सेवेचे तास कुठे भरायचे हा नंतरचा प्रश्न.

शेवटी आपल्या घरी येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सामुदायिक सेवा ही आपल्या कायद्यात पहिल्यांदाच प्रौढांसाठी रीतसर शिक्षा झाली. सहाच गुन्ह्यांना: पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी, चोरीचा माल परत केला असेल तर; सार्वजनिक जागी दारू पिऊन गोंधळ; बदनामी; आणि आणखी तीन. ती बिनपगारी असेल आणि समाजाच्या उपयोगाची असेल, इतकंच कायदा सांगतो. किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, सही कुणाची, हे संहितेत नाही. ते नियमांवर सोडलं आहे. इथेच मला भीती वाटते. नियम घाईने झाले तर आपल्याकडेही पोर्टल येईल, व्हिडिओ येतील, आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायची सोय येईल. महाराष्ट्राच्या नियमांत तीन वाक्यं असावीत असं माझं म्हणणं आहे: शिक्षा भोगणाऱ्याकडून कुठल्याही नावाने फी घेता येणार नाही, वर्ग आणि धडे सेवेत मोजले जाणार नाहीत, आणि घरून काम करण्याची परवानगी अपंगत्वासारख्या कारणासाठी, दिसेल अशा कामापुरतीच मिळेल.

आणि अमली पदार्थ? त्यांच्यासाठीचा आपला एन.डी.पी.एस. कायदा १९८५ चा. सेवन किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगणं यासाठी त्यात सामुदायिक सेवा नाही. रस्त्यावर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला सेवेची शिक्षा मिळू शकते. गांजाची पुडी ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यवहारात काय होतं ते इथल्या वकिलांना माहीत आहे. पोरगं गुन्हा कबूल करतं, बाप दंडाचे पैसे उसने आणतो, फाइल बंद. ज्याला उसने मिळत नाहीत तो आत राहतो. आपल्याकडे संकेतस्थळाची गरजच पडली नाही, पैशांची वाट आधीपासून आहे.

पण त्याच कायद्यात दोन कलमं झोपून आहेत. कलम ६४-अ: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या आरोपातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालणार नाही, उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. आणि कलम ३९: दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याच्या संमतीने शिक्षा न सुनावता त्याला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं, वर्षाच्या आत त्याने येऊन अहवाल द्यायचा, आणि तो चांगला असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर, सोडून द्यायचं. या कायद्यानंतर पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, त्या भयंकर लाटेत, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने. म्हणजे कायदाही होता, उपचाराची जागाही होती. माझ्या सगळ्या नोकरीत कलम ३९ खालचे अर्ज मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. अर्जच नाही तर न्यायाधीश आदेश कशावर देणार?

या सभागृहात वकील पुष्कळ बसले आहेत, काही नवेही दिसतात. तुमच्याकडे पुढचं कलम २७ चं, म्हणजे सेवनाचं, प्रकरण येईल तेव्हा बापाला दंडाची जुळवाजुळव करायला पाठवण्याआधी जवळचं सरकारमान्य उपचार केंद्र कोणतं ते शोधा, पोराला विचारा, आणि कलम ३९ चा एक पानी अर्ज लिहा. नमुना मी करून आणला आहे, प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. घेऊन जा.